जादा वेळ की भरपाईचा वेळ?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत परीक्षेच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘त्याला काय, त्याला तासभर जास्त मिळतो.’ म्हणणारा दुष्ट नसतो. बऱ्याचदा त्याचाच शेवटचा दहा मार्कांचा प्रश्न सुटलेला असतो, सप्लिमेंट बांधताना हात थरथरलेला असतो, आणि समोर कुणीतरी अजून शांतपणे लिहीत बसलेला दिसतो. त्या क्षणी मनात हिशेब होतो तो साधा बेरजेचा: त्याचे चार तास, माझे तीन.

हा जास्तीचा तास आला कुठून? कुणी दिला, कधी दिला, आणि देताना त्याला काय म्हटलं होतं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण एखादी ओळ कोडमध्ये का आहे हे कळत नसेल, तर ती खोडण्याआधी तिचा इतिहास पाहावा, ही आमच्या धंद्यातली शिस्त आहे. तीच इथे लावतो.

कायद्याच्या आधी

सुरुवात पुण्यातूनच करता येते. टी. व्ही. रामन यांचा जन्म 1965 सालचा, पुण्यातला. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुढे त्यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणितात पदवी घेतली आणि तिथून ते आयआयटी मुंबईला गणित व संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. हा ऐंशीच्या दशकातला काळ. बोलणारा संगणक त्यांच्या हाताशी नव्हता. पाठ्यपुस्तकं घरची माणसं वाचून दाखवत. आयआयटीत राष्ट्रीय सेवा योजनेतून मदतीला आलेला एक विद्यार्थी पडद्यावर काय दिसतंय ते वाचायचा आणि रामन सांगतील त्या आज्ञा टंकित करायचा.

या गोष्टीकडे आपण सहसा ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून पाहतो. मला तिच्यात दुसरंच दिसतं. त्या काळी आंधळ्या विद्यार्थ्याला तांत्रिक शिक्षणात जी सोय मिळाली, ती कुणाच्या तरी चांगुलपणातून मिळाली. भाऊ वाचणारा होता, मित्र वेळ देणारा होता, एखादे प्राध्यापक समजूतदार होते. यातलं एक माणूस वजा केलं, की कहाणी तिथेच थांबते. ज्यांची अशी थांबली त्यांची नावं आपल्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

रामन पुढे कॉर्नेल विद्यापीठात गेले. 1994 साली पूर्ण झालेल्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर ऐकवणारी प्रणाली. तिचं नाव ‘अ‍ॅस्टर’. त्यांच्या वाटाड्या कुत्रीचंही नाव तेच. इंजिनिअरला हा प्रबंध महत्त्वाचा वाटावा असं त्यात काय आहे? छापील सूत्र डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात कळतं: अंश वर, छेद खाली, घात कोपऱ्यात. तेच सूत्र डावीकडून उजवीकडे अक्षर-अक्षर वाचून दाखवलं तर कुठला कंस कुठे संपला ते कळत नाही. रामन यांनी कागदावरचं चित्र वाचण्याऐवजी त्यामागची रचना पकडली. लेटेकमध्ये लिहिलेल्या मजकुरातून सूत्राचा सांगाडा काढायचा आणि तो आवाजाच्या चढउतारांतून ऐकवायचा. या प्रबंधाला संगणकशास्त्रातला एसीएमचा मानाचा पुरस्कार मिळाला. आशय वेगळा आणि त्याचं दिसणं वेगळं, हे तत्त्व आज वेबसाइट बनवणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात शिकतो. ज्याला ‘दिसणं’ उपलब्ध नव्हतं, त्या माणसाने ते किती खोलवर नेलं हे मात्र आम्हाला कुठल्या सेमिस्टरला शिकवलं गेलं नाही.

1995 : हक्काची पहिली भाषा

1995 साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधींचा कायदा केला. 1996 च्या फेब्रुवारीत तो अंमलात आला. सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांनी किमान 3 टक्के जागा राखाव्यात, असं त्याच्या 39 व्या कलमात होतं. सात प्रकारच्या अपंगत्वांची यादी त्यात होती. वाचन-लेखनातली अक्षमता, म्हणजे ज्याला आपण डिस्लेक्सिया वगैरे नावांनी ओळखतो, ती त्या यादीत नव्हती. महाराष्ट्रात मात्र साधारण त्याच सुमारास, 1996 मध्ये, दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याचा निर्णय झाला. राज्याचं शिक्षण खातं जे मान्य करत होतं, ते देशाच्या कायद्यात यायला आणखी वीस वर्षं जायची होती.

जागा राखल्या गेल्या, पण त्या जागांपर्यंत पोचायच्या वाटेवर एक दार बंदच होतं. ते दार अकरावीचं. विज्ञान शाखा म्हणजे आकृत्या, आलेख, प्रयोगशाळा. आंधळ्या मुलाला हे जमणार कसं, त्यापेक्षा कला शाखा घे, असा सल्ला प्रेमानेच दिला जायचा, आणि काही ठिकाणी तो सल्ला नियमच होता. श्रीकांत बोल्ला यांना आंध्र प्रदेशात अकरावीला विज्ञान घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. प्रवेश मिळाला, बारावीला उत्तम गुण मिळाले, पण आयआयटीच्या क्लासवाल्यांनी त्यांना घेतलं नाही. ते एमआयटीला गेले, परत येऊन त्यांनी कारखाना काढला, आणि 2024 मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपटही आला. दिल्लीच्या कार्तिक साहनी यांनी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेला बसू देण्याची पुन्हा पुन्हा मागणी केली. ती नाकारली गेली. स्टॅनफर्डने त्यांना शिष्यवृत्तीसह संगणकशास्त्रासाठी बोलावून घेतलं.

या दोन्ही गोष्टी वर्तमानपत्रांत ‘भारतीय तरुणाची गरुडझेप’ या सदरात आल्या. मुळात त्या आपल्या परीक्षापद्धतीच्या नापास झाल्याच्या गोष्टी आहेत.

याचा एक परिणाम वर्गातल्या इतरांवरही झाला. इंजिनिअरिंगच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी आपल्या शेजारच्या बाकावर आंधळा, बहिरा किंवा चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी कधी पाहिलाच नाही. ज्या माणसाशी आपण डबा वाटून खाल्लेला नाही, ज्याच्याकडून जर्नल उतरवलेलं नाही, त्याच्याबद्दलचं आपलं मत कशावरून बनतं? ते बनलं दोन गोष्टींवरून: राखीव जागांचा तक्ता आणि स्मार्ट काठी.

स्मार्ट काठी

राज्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टांची यादी काढा. ‘अंधांसाठी स्मार्ट काठी’ सापडेलच. एक आर्डुइनो बोर्ड, एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक बझर, प्लास्टिकचा पाइप. समोर भिंत आली की काठी पीं-पीं करते. प्रोजेक्टला समाजोपयोगी म्हणून मार्क चांगले पडतात. काठी मग लॅबच्या कपाटावर जाऊन पडते आणि पुढच्या वर्षी नवा गट नवी काठी करतो. या सगळ्यात एखादा आंधळा माणूस ती काठी हातात घेऊन रस्ता ओलांडतो, असं सहसा होत नाही.

याच कल्पनेचं गंभीर रूपही आपल्याच देशात आहे. आयआयटी दिल्लीत बी. टेक.च्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टातून सुरू झालेलं ‘स्मार्टकेन’ 2014 मध्ये बाजारात आलं. मधली वर्षं कशात गेली? ‘सक्षम’ या संस्थेच्या मदतीने वापरणाऱ्यांना विचारण्यात, चाचण्या घेण्यात, पुन्हा बदलण्यात. त्यातून कळलेली गोष्ट साधी आहे. साधी पांढरी काठी गुडघ्याखालचे अडथळे उत्तम शोधते. भिंत ओळखायला आंधळ्या माणसाला बझर लागत नाही. अडचण होते ती गुडघ्यावरच्या गोष्टींची: खिडकीचं उघडं दार, झाडाची खाली आलेली फांदी, ट्रकचा मागे उंचावर असलेला सांगाडा. म्हणून हे यंत्र पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसतं, तिची जागा घेत नाही, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या अडथळ्यांची सूचना कंपनाने देतं. आवाजाने नाही, कारण रस्त्यावर आंधळ्या माणसाचे कान आधीच कामात असतात.

दोन काठ्यांमधला फरक हुशारीचा नाही. एका काठीमागे ‘त्यांना काय लागतं ते मला माहीत आहे’ हे गृहीतक आहे, दुसरीमागे विचारपूस आहे. आणि आपल्या कॉलेजांत गंमत अशी होते, की अपंग माणूस ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ म्हणून आला तर त्याचं स्वागत असतं. वर्गमित्र म्हणून आला आणि तासभर जास्त वेळ मागितला, तर भुवया वर जातात.

एका शब्दाची दुरुस्ती

आता त्या तासाकडे. 26 फेब्रुवारी 2013 रोजी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अपंग विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात एक सूचना केवळ शब्दाबद्दल आहे. ‘जादा वेळ’ किंवा ‘अतिरिक्त वेळ’ असं म्हणणं थांबवावं, त्याऐवजी ‘भरपाईचा वेळ’ म्हणावं, आणि लेखनिक घेणाऱ्यांसाठी तो तासामागे वीस मिनिटांपेक्षा कमी नसावा. लेखनिक न घेणाऱ्या अपंग विद्यार्थ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास देता येईल, असंही पुढे आहे.

सरकारी कागदातली ही मला सापडलेली सर्वांत नेमकी भाषा आहे. ‘जादा’ म्हटलं की इतरांपेक्षा अधिक काहीतरी मिळालं. ‘भरपाई’ म्हटलं की आधी काहीतरी गेलं होतं. काय गेलं होतं? लेखनिकाला उत्तर सांगायचं, त्याने ते लिहायचं, मग वाचून दाखवायचं, चूक असेल तर दुरुस्त करायची. ‘एक्सच्या वर्गाच्या खाली डीएक्स, सगळ्याला कंस, बाहेर वर्गमूळ’ असं तोंडाने बोलून पाहा, म्हणजे वीस मिनिटं कुठे जातात ते कळेल. त्यात 2018 च्या सुधारित सूचनांनी अट घातली, की विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खालचं असावं. नक्कल टाळण्यासाठी ही अट समजण्यासारखी आहे. पण मॅथ्स थ्रीच्या पेपरला लाप्लासचं चिन्ह पहिल्यांदाच पाहणारा मुलगा समोर बसला, तर प्रत्येक चिन्ह आधी शिकवावं लागतं आणि मग लिहून घ्यावं लागतं.

अकरावीच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी व्हर्नियर कॅलिपर हाताळलेला असतो. जबडे पूर्ण मिटल्यावरही काटा शून्यावर येत नसेल, तर तेवढी शून्य त्रुटी प्रत्येक मोजमापातून वजा करायची. ती केली नाही तर सर जर्नलवर लाल फुली मारतात. परीक्षा हेही मोजण्याचं साधन आहे. डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर डेटा स्ट्रक्चर्स किती कळलं ते मोजायला असतो, हात मिनिटाला किती शब्द लिहितो ते मोजायला नाही. ज्याच्या बाबतीत हे साधन हाताचा वेग मोजून मोकळं होतं, त्याच्यासाठी दुरुस्ती करायची. कॅलिपरच्या बाबतीत हे आपल्याला सोळाव्या वर्षी पटतं.

माणसाच्या बाबतीत का पटत नाही, याचं कारण इंजिनिअरिंगला येण्याच्या रस्त्यात आहे असं मला वाटतं. आपण सगळे रँकमधून आलेलो असतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पेपर तीन तासांचे, पात्र अपंग विद्यार्थ्याला प्रत्येकी एक तास भरपाईचा. तिथे एकेका मार्कावर शेकडो जण उभे असतात. दोन वर्षं घड्याळ लावून पेपर सोडवताना ‘वेग म्हणजेच गुणवत्ता’ हे अंगात भिनतं. मग दुसऱ्याला मिळालेलं प्रत्येक मिनिट आपल्या खिशातून गेल्यासारखं वाटतं. विद्यापीठाच्या पेपरात तर रँकचाही प्रश्न नसतो. त्याच्या पासष्ट मार्कांनी माझे पासष्ट कमी होत नाहीत. तरी सवय जात नाही.

माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा होता. डोकं तल्लख, उजवा हात संथ. पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्सनी त्याचा जीव काढला. त्या शीट्स अख्खं होस्टेल काचेखाली बल्ब लावून ‘जीटी’ मारून उतरवायचं, आणि त्यात कुणालाच काही गैर वाटत नसे. त्याला मात्र परीक्षेत एक तास मिळायचा, तो अन्याय. तो तास कागदावर होता. प्रत्यक्षात तीन तास झाले की बाकीचे उठायचे, बाहेर कॉरिडॉरमध्ये उत्तरांचा गलका सुरू व्हायचा, सुपरवायझर घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे, शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी उभे राहायचे. तो पंधरा-वीस मिनिटांत पेपर देऊन निघायचा. विचारलं तर म्हणायचा, ‘मामांची लोकल जाते रे.’ डेटाबेसच्या पेपरला त्याला केटी लागली ती सहा मार्कांनी. येत असलेला एक प्रश्न लिहायचा राहिला होता. त्या केटीपायी कॅम्पसला आलेल्या दोन कंपन्यांना तो बसू शकला नाही. नियम पाळला गेला होता. हॉल तिकिटावर ‘एक तास’ असा शिक्काही होता.

संशय

‘पण खोटी सर्टिफिकेटं काढणाऱ्यांचं काय?’ हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. तो निराधार नाही. 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली. त्या आठवड्यांत अपंगांच्या आरक्षणावरच प्रश्नचिन्ह लावणारी मतं मोठमोठ्या लोकांनी जाहीरपणे मांडली.

या संशयाला सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, 11 फेब्रुवारी 2021 रोजी, विकास कुमार खटल्यात उत्तर दिलं होतं. या उमेदवाराला ‘रायटर्स क्रॅम्प’ होता, म्हणजे लिहायला लागलं की हाताचे स्नायू आखडायचे. लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, कारण 40 टक्क्यांच्या ‘लक्षणीय अपंगत्वा’च्या चौकटीत तो बसत नव्हता. न्यायालय म्हणालं, की 2016 च्या कायद्यात 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या टक्क्यावर अवलंबून नाही. गैरवापर होईल या भीतीने खऱ्या गरजूचा हक्क नाकारता येणार नाही, हेही सांगितलं. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना निघाल्या.

2016 च्या त्याच कायद्याने सातऐवजी एकवीस अपंगत्वं मान्य केली, अध्ययन अक्षमता त्यात आली, उच्च शिक्षणातल्या राखीव जागा 5 टक्के झाल्या, आणि परीक्षेतला वेळ व लेखनिक यांचा उल्लेख थेट कायद्यात आला. पण संशय कायद्याने जात नाही. ज्याचं अपंगत्व दिसत नाही त्याला तो जास्त बोचतो. डिस्लेक्सिया असलेला मुलगा दहावीला सवलत घेतो, आणि इंजिनिअरिंगला आल्यावर सर्टिफिकेट फाईलमध्येच ठेवतो, कारण वर्गात ‘सर्टिफिकेटवाला’ म्हणवून घेण्यापेक्षा केटी परवडते. खोटं सर्टिफिकेट देणारा डॉक्टर आणि घेणारा उमेदवार यांच्या गुन्ह्याची किंमत अशी तिसराच कुणीतरी भरतो.

शब्दांचंही पाहा. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. बघता बघता तो पाट्यांवर, फॉर्मवर, रेल्वेच्या डब्यांवर आला. ‘भरपाईचा वेळ’ हा शब्द त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधीचा, तोही सरकारीच. तो कुठल्या कॉलेजच्या नोटीसबोर्डावर मी पाहिलेला नाही. माणसाला गौरवाचं नाव द्यायला काही खर्च येत नाही. दुसऱ्या शब्दासाठी वर्गखोली तासभर उघडी ठेवावी लागते, सुपरवायझरला थांबवावं लागतं आणि मामांची ड्यूटी बदलावी लागते.

पापणी लवण्याची अट

ही विद्यार्थ्यांची मतं कॉलेजातच राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण विद्यार्थी इंजिनिअर होतात.

बँकेचं किंवा सिमकार्डाचं ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी लवा, असं सांगितलं जातं. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे याची ती खात्री. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, चेहरा भाजला, त्यांनी काय करायचं? पडदा न दिसणाऱ्याने चेहरा त्या गोलात कसा आणायचा? हा प्रश्न प्रज्ञा प्रसून आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची प्रक्रिया सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी वीस निर्देश दिले.

ती पापणीची अट कुणीतरी लिहिली होती. बहुधा माझ्याच वयाच्या, माझ्यासारखंच शिकलेल्या कुणीतरी. कोड तपासणारा, चाचणी घेणारा, मंजुरी देणारा असे आणखी चारपाच जण त्यात असणार. त्यांच्यापैकी एकालाही ‘ज्याला डोळाच नाही त्याचं काय?’ हे सुचलं नाही, कारण त्यांच्या बाकाशेजारी असं कुणी बसलंच नव्हतं.

वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे जागतिक निकष आहेत, त्यांच्या 2008 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एक निकष वेळेबद्दल आहे. पानावर वेळेची मर्यादा असेल तर वापरणाऱ्याला ती बंद करता यावी, बदलता यावी किंवा वाढवता यावी. वाढवण्याची पद्धत अशी: वेळ संपण्याआधी सूचना द्या, एखादी कळ दाबण्यासारख्या सोप्या कृतीसाठी किमान वीस सेकंद द्या, आणि हे किमान दहा वेळा करू द्या. परीक्षागृहातली तासामागची वीस मिनिटं आणि ही वीस सेकंदं एकाच घरातली आहेत. माझ्या कामाच्या यादीत हा निकष ‘नंतर पाहू’ या रकान्यात किती वेळा सरकलेला पाहिला, त्याची मोजदाद नाही. सरकवताना दिलं जाणारं कारण मात्र ओळखीचं असतं: चारदोन लोकांसाठी सगळ्यांचं वेळापत्रक कशाला बिघडवायचं?

म्हणून कॉलेजातला तो एक तास मला फक्त तो घेणाऱ्यापुरता महत्त्वाचा वाटत नाही. बाकीच्या एकोणसाठ जणांनाही तो काहीतरी शिकवू शकतो, जर त्याचं खरं नाव कुणी फळ्यावर लिहिलं तर. परीक्षेच्या सूचना वाचून दाखवताना सुपरवायझरने ‘यांना जादा वेळ आहे’ऐवजी ‘यांना भरपाईचा वेळ आहे’ एवढं म्हणायचं, आणि घंटा झाल्यावर खुर्चीत बसून राहायचं. पहिल्या गोष्टीला एक सेकंद लागतो. दुसरीला एक तास लागतो, आणि तो तास 2013 पासून कागदावर मंजूर आहे.